वाळवी, भुंगा आणि टाकणखार

पाऊस तोंडावर आला की खेड्यातल्या कौलारू घरांवर माणसे चढलेली दिसतात. शाकारणी चालू असते. फुटकी कौले काढायची, सरकलेली नीट बसवायची. आमच्या घरी हे काम माझे काका करीत. मी कॉलेजात शिकत होतो, त्या वर्षी ते असेच गोठ्यावर चढले आणि पायाखालचा बांबूचा वासा कडकन मोडला. वासा तीनच वर्षांचा होता. वरून चांगला पिवळाधमक. आत मात्र नुसते पीठ! काकांच्या मनगटावर निभावले, हे नशीबच म्हणायचे. आजी एवढेच म्हणाली, "कोवळा बांबू, आणि तोही अवेळी तोडलेला. दुसरं काय व्हायचं?"

मी भूगोल शिकवणारा माणूस. रसायनशास्त्र माझा विषय नव्हे. पण त्या वाशाने मला एका साध्या पांढऱ्या क्षाराच्या शोधाला लावले. त्याचीच हकीगत आज सांगणार आहे.

आधी लाकडाचे शत्रू कोण ते पाहू. पहिली बुरशी. लाकूड कुजते म्हणजे बुरशी ते खाते. तिला ओल लागते. लाकडातील ओलावा शेकडा वीसच्या खाली राहिला तर बुरशी वाढत नाही. दुसरी वाळवी. ती बहुधा जमिनीतून मातीच्या नळ्या बांधत वर येते. तिसरा भुंगा, म्हणजेच घूण. 'घुणाक्षरन्याय' हा शब्द शिक्षकांना माहीत आहेच. घुणाने कोरलेल्या रेघांत चुकून एखादे अक्षर उमटावे, तशी योगायोगाची गोष्ट. पण घूण अक्षरे काढायला बसत नाही. त्याला लाकडातले पिष्टमय अन्न हवे असते. बांबूत ते भरपूर, आंबा-सावरीसारख्या लाकडांत भरपूर, आणि सागवानाच्याही बाहेरच्या पांढुरक्या भागात असतेच. सागाचा गाभा टिकतो तो त्यातल्या नैसर्गिक द्रव्यांमुळे. म्हणून "सागवान आहे, काळजी नको" असे म्हणताना त्यात पांढरा भाग किती, हे पाहिलेच पाहिजे.

आता आजीच्या बोलण्याकडे वळू. कोवळ्या बांबूत आणि अवेळी तोडलेल्या बांबूत हे अन्न जास्त असते. म्हणून तीन वर्षांपुढचा पक्का बांबू पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडावा, हे जुने शहाणपण खरे आहे. बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याची रीतही खरी. त्यातले अन्न पाण्यात उतरून जाते. पण एवढ्याने भुंग्याचे जेवण कमी होते, बंद होत नाही. ते बंद करायचे तर जेवणातच काही मिसळावे लागते.

ते मिसळण्याचे द्रव्य तुमच्या ओळखीचे आहे. सोनार डाग देताना वापरतो तो टाकणखार, ज्याला कोणी सवागी म्हणतात. आणि त्याचे भावंड म्हणजे बोरिक पावडर, जी कॅरमच्या फळीवर टाकतात. दोन्हींत बोरॉन हे मूलद्रव्य असते. आमच्या भूगोलाच्या दृष्टीनेही ही वस्तू मोठी मजेची आहे. एके काळी टाकणखार तिबेटातल्या सरोवरांच्या काठावरून आणि लडाखमधल्या पुगा खोऱ्यातल्या उष्ण झऱ्यांपासून हिमालय ओलांडून खाली येई. आज जगातील सर्वांत मोठे साठे तुर्कस्तानात आहेत.

हा क्षार करतो काय? तो लाकडात मुरला की त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो हवेत उडूनही जात नाही. पण ते लाकूड खाणाऱ्या किड्याची पचनक्रिया बिघडते आणि किडा मरतो. बुरशीलाही तो वाढू देत नाही.

कृती अशी. १० लिटर पाण्यासाठी २०० ग्रॅम बोरिक पावडर आणि ३०० ग्रॅम टाकणखार घ्यावा. दोन्ही एकत्र घातले तर एकेकट्यापेक्षा पाण्यात अधिक विरघळतात, म्हणून जोडी मोडू नये. पाणी कोमट केले की काम लवकर होते. प्लॅस्टिकचे पिंप किंवा जाड प्लॅस्टिक अंथरलेला चर असला की पुरे.

बांबू ताजा असावा. त्याची साल मेणचट असते. बाहेरून पाणी आत शिरत नाही. म्हणून लांब लोखंडी सळईने आतले पेरांचे पडदे फोडून घ्यावेत. अख्खे वासे आठ-दहा दिवस, फोडलेल्या कामट्या तीन-चार दिवस पूर्ण बुडवून ठेवाव्यात. वासे तरंगतात, तेव्हा वर दगड ठेवावेत. मग बाहेर काढून निथळू द्यावेत, आठवडाभर झाकून ठेवावेत आणि सावलीत वाळवावेत.

फळ्यांची रीत थोडी वेगळी. ताज्या चिरलेल्या ओल्या फळ्यांसाठी द्रावण दुप्पट कडक करावे आणि गरम असतानाच त्यांना दोन-तीन वेळा भरपूर पाजावे. मग त्या एकमेकींवर चिकटून रचाव्यात आणि प्लॅस्टिकने घट्ट झाकाव्यात. झाकणाखाली ओल टिकते आणि त्या ओलीतून क्षार हळूहळू आत सरकतो. इंचभर जाडीच्या फळीला सुमारे महिना लागतो. दोन इंचांच्या फळीला दोन महिने पुरत नाहीत. जाडी दुप्पट झाली की वेळ त्याहून पुष्कळ वाढतो. इथेच आपण चुकतो. लाकूड कोरडे होऊन घराला लागले, भुंगा भुगा पाडू लागला, की आपण कुंचला शोधतो. कोरड्या लाकडावर कुंचला फिरवला तर औषध वरच्या थरापुरतेच राहते. ते काही न केल्याहून बरे, पण त्यावर विसंबू नये.

आणि आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हा क्षार पाण्याच्या पाठीवर बसून आत जातो, आणि पाण्याच्याच पाठीवर बसून बाहेर येतो! म्हणून वासे, रिपा, तुळया, दाराच्या चौकटी, शाळेची बाके, असे जे जे छपराखाली आणि जमिनीपासून वर आहे, त्याला हा उपचार उत्तम. पण मातीत पुरलेला कुंपणाचा खांब किंवा पावसात उभा राहणारा मांडव, याला तो कामाचा नाही. दोन पावसाळ्यांत क्षार धुऊन जाईल. अशा कामासाठी न धुपणारी औषधे लागतात. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशन यांनी १९३३ साली तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे असे औषध काढले. ते जगभर गेले. पण त्यात आर्सेनिक, म्हणजे सोमल! घरगुती वापराच्या लाकडासाठी अमेरिकेत ते २००३ च्या अखेरीस मागे घेण्यात आले. असला उपचार कारखान्यातच करावा. अंगणातले ते काम नव्हे.

वाळवीचेही एक ध्यानात ठेवा. हा क्षार तिला हुसकावत नाही. औषध पाजलेल्या खांबावरून मातीची नळी बांधून ती वरच्या बिनऔषधी तुळईपर्यंत पोचू शकते. तेव्हा अर्धे लाकूड पाजून अर्धे सोडणे उपयोगाचे नाही, आणि जोत्यावर नजर ठेवणेही सुटत नाही.

म्हणाल, एवढा खटाटोप खरोखर लागतो का? न्यूझीलंडचे उदाहरण पाहा. तिथली घरे बहुतांशी पाइनच्या लाकडी सांगाड्याची. १९५० च्या दशकापासून ते लोक सांगाड्याच्या लाकडाला बोरॉनचा उपचार देत. १९९० च्या दशकात भट्टीत वाळवलेले लाकूड बिनउपचार वापरायला मुभा मिळाली. त्याच काळात पाणी नीट न अडवणाऱ्या नव्या धर्तीच्या भिंती आल्या. पाणी आत मुरले आणि हजारो घरांचे सांगाडे कुजले. दोष एकट्या लाकडाचा नव्हता, पण राखणदार नेमका हजर नव्हता. शेवटी २००४ मध्ये उपचाराचा नियम पुन्हा आणावा लागला. तात्पर्य, छप्पर गळू देऊ नये हे खरे. पण एखादे दिवशी ते गळतेच, त्या दिवसासाठी हा उपचार असतो.

शिक्षकांसाठी एक प्रयोग सांगतो. औषध आतपर्यंत पोचले का, हे हळद सांगते. पाजलेल्या काठीचा मधोमध ताजा काप घ्यावा. त्यावर हळदीचा स्पिरिटमध्ये काढलेला अर्क लावून वाळू द्यावा. मग सॅलिसिलिक आम्ल आणि थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेले स्पिरिट लावावे. बोरॉन असेल तिथे लाल रंग येतो, नसेल तिथे हळद पिवळीच राहते. मुले विचारतील, "सर, हळद चुन्यानंही लाल होते की!" होते, पण तो लाल रंग आम्लाने जातो, हा राहतो. आम्ल शिक्षकांनीच हाताळावे, आणि जवळ विस्तव नसावा.

काळजीचे दोन शब्द. हा क्षार पोटात जाणे धोक्याचे आहे. पिंप झाकून, मुलांपासून आणि गुरांपासून दूर ठेवावे. हातमोजे घालावेत. पोळपाट, काठवट, धान्याची कणगी यांना हा उपचार करू नये. उरलेले द्रावण पुढच्या लाकडासाठी राखावे. शेतात, विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नये. पिकाला बोरॉन लागतो तो कणभर. जास्त झाला तर पीक करपते.

आमचा गोठा पुढे आम्ही नव्याने शाकारला. त्या खेपेस वासे थंडीत तोडले, दहा दिवस चरात बुडवले, आणि पावसाच्या आधी महिनाभर सावलीत वाळवले. काका रोज चराशी येऊन, "अजून किती दिवस?" म्हणून विचारीत. आता काका थकले आहेत. शाकारणीला त्यांचा मुलगा चढतो. चढण्यापूर्वी तो प्रत्येक वासा काठीने वाजवून पाहतो. तुम्हीही या पावसाआधी आपले वासे वाजवून पाहा. खणखणीत वाजला तर ठीक. पोकळ वाजला, किंवा खाली पिठासारखा भुगा दिसला, तर माणूस वर चढवू नका. आधी तो वासा बदला. आणि नवा वासा आणाल, तो ओला असतानाच त्याला त्याचे औषध पाजा.