देवमासा मासा नाही, मग कोण?

हजरत यूनुस (अलैहिस्सलाम) यांची हकीकत आपल्या घराघरांत सांगितली जाते. त्यांना गिळणाऱ्या जलचराला कुरआनात ‘हूत’ म्हटले आहे. अरबीत हा शब्द मोठ्या माशासाठी वापरतात, तसाच देवमाशासाठीही. मराठीतही आपण देवमाशाला मासाच म्हणतो. प्रत्यक्षात तो मासा नाही.

देवमासा कल्ल्यांनी नव्हे, फुप्फुसांनी श्वास घेतो. त्यासाठी त्याला पाण्यावर यावेच लागते. त्याचे रक्त उष्ण असते. मादी पिलाला जन्म देते, दूध पाजते. मासा शेपटी डावी-उजवीकडे हलवतो, देवमासा वर-खाली. आणि त्याच्या वल्ह्यासारख्या परांच्या आत चक्क बोटांची हाडे असतात!

पाण्यात राहणाऱ्याला बोटे कशाला? याचे उत्तर जमिनीत मिळाले. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या ‘पाकिसेटस’ या प्राण्याची कवटी पाकिस्तानात सापडली. १९८१ साली तिची माहिती प्रसिद्ध झाली. कानाचे हाड देवमाशासारखे होते. पुढे मिळालेल्या हाडांवरून कळले की, हा प्राणी चार पायांवर चालत असे. आपल्या कच्छमध्येही असे प्राचीन अवशेष मिळाले आहेत. इजिप्तच्या वाळवंटात तर ‘वादी अल-हितान’, म्हणजे देवमाशांची दरीच आहे. पूर्वी तिथे समुद्र होता. तिथल्या सांगाड्यांना चिमुकले मागचे पाय आहेत, चालण्यासाठी निरुपयोगी. २००५ पासून ही दरी जागतिक वारसास्थळ आहे.

२००१ साली आणखी एक दुवा जुळला. प्राचीन देवमाशांच्या घोट्याचे हाड बकरी, गाय, उंट यांच्यासारखेच, दोन्ही टोकांना कप्पीसारखे असल्याचे दिसले. आज देवमाशाचा सर्वांत जवळचा जिवंत नातलग पाणघोडा मानला जातो. येत्या बकरी ईदला मागच्या पायाचा सांधा सोडवताना ते हाड मुलांना जरूर दाखवा.

मुले विचारतील, “अब्बा, मग शाळेतले खरे की घरातले?” त्यांना गप्प बसवू नका. कुरआन पुन्हा पुन्हा सृष्टीकडे पाहायला आणि विचार करायला सांगतो. हाडे पारखणे हेही पाहणेच आहे. चालणाऱ्या प्राण्याचा देवमासा व्हायला लाखो वर्षे लागली असतील, तर त्याने अल्लाहची कुदरत लहान होत नाही. उलट तिचा पसारा किती अफाट आहे, हेच उमगते.