समजून घ्या : पठ्ठे बापूरावांच्या तमाशाला गर्दी का लोटायची?

कोण होते ते?
मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म १८६६, रेठरे हरणाक्ष. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला. १९६० पासून तोच सांगली जिल्हा.

लोकांना वेड कशाचे?
लावणी रचणारा आणि फडावर गाणारा माणूस एकच. त्यात तो ब्राह्मण, कुलकर्णीपणावर पाणी सोडून तमाशात शिरलेला. जोडीला महार समाजातली पवळा हिवरगावकर. तमाशात उभ्या राहिलेल्या सुरुवातीच्या स्त्री कलावंतांपैकी एक. रेडिओ घरोघरी पोहोचला नव्हता. ही जोडी पाहायची तर तमाशालाच जायला हवे. यात्रेतला शेतकरी आणि मुंबईतला गिरणी कामगार, दोघेही त्यांचे चाहते.

किंमत काय मोजली?
जातीने त्यांना वाळीत टाकले. पुढे पवळाने साथ सोडली आणि फडाची रया गेली. १९४५ मध्ये पुण्यात हलाखीत त्यांचे निधन झाले.

आज काय उरले?
त्यांच्या लावण्या. तमाशाच्या फडांवर त्या आजही गायल्या जातात आणि शिट्ट्याही घेतात.