टोपाखालचा ज्युनिअर

बॅरिस्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बोटीचा प्रवास, सुटाबुटातला फोटो आणि परतल्यावरचे हारतुरे येतात. बाबासाहेब आंबेडकर 1922 मध्ये लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. त्याच ग्रेज इनने 1909 मध्ये राजकारणापायी सावरकरांना सनद नाकारली होती. ग्रेज इन, लिंकन्स इन, इनर टेंपल आणि मिडल टेंपल या चार संस्थांशिवाय इंग्लंडमध्ये आजही कोणी बॅरिस्टर होत नाही. मात्र तिथून बाहेर पडून फौजदारी कामाला लागलेल्या तरुण वकिलाचा एक दिवस पाहिला, की फोटोतला रुबाब बराचसा उतरतो.

‘किंग्ज कौन्सेल’ हा ज्येष्ठ वकिलांचा किताब न मिळालेला प्रत्येक जण तिथे ज्युनिअरच, मग तो साठीचा का असेना. लेखक जॉन मॉर्टिमरने गोष्टींत रंगवलेला म्हातारा वकील रम्पोल हा असाच जन्माचा ज्युनिअर. इथे बोलायचंय ते खरोखरच्या तरुणांबद्दल. परीक्षा झाल्यावर बारा महिन्यांची उमेदवारी असते, तिला प्युपिलेज म्हणतात. पहिले सहा महिने ज्येष्ठाच्या मागे बसून बघायचं, पुढचे सहा महिने स्वतः उभं राहायचं. पुढे एखाद्या चेंबर्समध्ये कायमची जागा मिळाली तरी पगार नाहीच. चेंबर्स म्हणजे जागा आणि क्लार्क वाटून घेणारे स्वतंत्र वकील. अशिलाचं काम बहुधा त्याच्याशी थेट व्यवहार करणाऱ्या सॉलिसिटरमार्फत येतं, आणि ते कोणाला द्यायचं यात क्लार्कचा शब्द मोठा असतो.

उद्या कोणत्या कोर्टात जायचं हे अनेकदा संध्याकाळी कळतं. दुसऱ्या वकिलाचा खटला लांबला, की त्याचं दुसरं काम अचानक ज्युनिअरच्या पदरात पडतं. मग रात्री लॅपटॉपवर कागदपत्रं वाचायची, पहाटेची गाडी पकडायची आणि कोर्टाच्या तळघरातल्या कोठडीत अशिलाला पहिल्यांदा भेटायचं. गुन्हा कबूल करायचा की खटला लढवायचा, हा माणसाच्या आयुष्याचा प्रश्न तिथे घाईघाईत सोडवावा लागतो. मॅजिस्ट्रेट कोर्टात टोप लागत नाही. गंभीर गुन्ह्यांचे खटले चालणाऱ्या क्राउन कोर्टात मात्र घोड्याच्या केसांचा तो टोप चढतो. वकील एकमेकांशी हस्तांदोलन करत नाहीत, ही आणखी एक जुनी तऱ्हा. ज्येष्ठाने खूश होऊन झग्यासाठी लाल पिशवी भेट दिली तर ज्युनिअर ती वर्षानुवर्षं मिरवतो.

या गमतींपेक्षा मला एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. आपल्याकडे सरकारी वकील वेगळा आणि बचावाचा वेगळा. तिथे तोच ज्युनिअर या आठवड्यात सरकार पक्षातर्फे उभा राहतो आणि पुढच्या आठवड्यात आरोपीतर्फे. शिवाय वेळ आणि अनुभव असेल, तर आरोपी आवडत नाही म्हणून काम नाकारता येत नाही. पोलिसांचा पुरावा कुठे कच्चा राहतो हे दोन्ही बाजूंनी पाहिलेला माणूस उलटतपासणीत नुसता आवाज चढवत नाही. ही पद्धत आपण उचलण्यासारखी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

उचलू नये असं काही असेल तर ते म्हणजे पैशाचं गणित. गरीब आरोपीच्या वकिलाला सरकार कायदेशीर मदतीतून ठरावीक फी देतं, आणि ती बहुतेक कामाला जोडलेली असते, तासांना नव्हे. रात्रीचं वाचन, कोर्टातलं ताटकळणं, न पुकारलेली केस या साऱ्याचं मोल त्यात धड येत नाही. सुरुवातीच्या तीन वर्षांतली मध्यक कमाई वर्षाला 12,200 पौंड असल्याचं क्रिमिनल बार असोसिएशन या फौजदारी वकिलांच्या संघटनेने 2022 मध्ये सांगितलं होतं. लंडनमध्ये त्यातला मोठा वाटा घरभाड्यातच जातो. त्या वर्षी एप्रिलपासून वकिलांनी एकमेकांची कामं घेणं बंद केलं, जूनमध्ये टोप-झगे घालून कोर्टांबाहेर उभे राहिले आणि सप्टेंबरात बेमुदत संपावर गेले. सरकारने फीमध्ये 15 टक्के वाढ आणि इतर सवलती देऊ केल्या, तेव्हा ऑक्टोबरात मतदान केलेल्या वकिलांपैकी 57 टक्क्यांनी होकार दिला. म्हणजे बऱ्याच जणांचं समाधान झालं नव्हतंच.

क्राउन कोर्टांतली थकीत प्रकरणं नंतर 70 हजारांच्या वर गेली. खोल्या रिकाम्या असूनही न्यायाधीश किंवा वकील नाही म्हणून तारखा पुढे ढकलल्या जातात. तारखांचं दुखणं आपल्याला नवं नाही, पण तिथे ते वाढण्यामागे तरुण वकील फौजदारी काम सोडून गेले, हेही एक कारण आहे.

लंडनला गेलात तर ओल्ड बेली या फौजदारी कोर्टाच्या प्रेक्षक-सज्जात जरूर बसा. प्रवेश फुकट आहे, मोबाइल मात्र आत नेता येत नाही. पुढच्या रांगेतल्या किंग्ज कौन्सेलकडे सगळेच बघतात. तुम्ही मागच्या रांगेकडे बघा.