कागदाला कागदाचीच मलमपट्टी

जुन्या ट्रंकेत पणजोबांचे खरेदीखत सापडते. उलगडायला जावे, तर घडीवरच तुकडा पडतो. ‘कागद जुना झाला’ असे आपण म्हणतो. पण नुसते वय हे निदान नव्हे. जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागदावरची दोनशे वर्षांपूर्वीची मोडी कागदपत्रे अनेकदा व्यवस्थित हाताळता येतात. पन्नास वर्षांपूर्वीचे वर्तमानपत्र मात्र हातात चुरते.

कागद म्हणजे मुख्यतः सेल्युलोज, म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबच लांब साखळी. पूर्वीचा हातकागद चिंध्या आणि तागासारख्या लांब, चिवट तंतूंचा असे. एकोणिसाव्या शतकात लाकडाचा लगदा आला. शाई पसरू नये म्हणून कागदात राळ आणि तुरटीच्या जातीचा क्षार घालू लागले. त्यामुळे कागदात आम्लता वाढते आणि ते आम्ल सेल्युलोजच्या साखळ्या तोडत राहते. दमट हवा आणि उष्णता त्याला मदत करतात. आपल्या हाडांची झीज जशी बाहेरून दिसत नाही, तसेच हे आतल्या आत चालते.

यावर उपचार दोन: आम्ल शमवणे आणि दुबळ्या कागदाला आधार देणे. आधारासाठी पातळ जपानी टिश्यू गव्हाच्या खळीने चिकटवण्याची पद्धत आजही प्रचलित आहे. मात्र टिश्यू कितीही पातळ असला, तरी खालची अक्षरे थोडी धूसर होतात.

येथे नॅनोसेल्युलोज उपयोगी पडते. लाकडाच्या किंवा कापसाच्या तंतूंवर यांत्रिक वा रासायनिक प्रक्रिया करून त्यांचे इतके बारीक धागे सुटे करतात, की त्यांची जाडी केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरते. प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा ते कितीतरी बारीक असल्याने त्यांचा पापुद्रा जवळजवळ पारदर्शक होतो. शिवाय तो बनतो कागदाच्याच द्रव्याचा. भाजलेल्या रुग्णाला त्याच्याच मांडीची त्वचा लावावी, तसा हा प्रकार आहे.

हाच विचार चित्रांसाठीही झाला. तैलचित्राचा कॅनव्हास जीर्ण झाला की मागून दुसरे कापड मेणाने किंवा सरसाने चिकटवत असत. स्वीडनमधील चाल्मर्स विद्यापीठातील संशोधकांनी 2018 मध्ये नॅनोसेल्युलोजचा पातळ थर देऊन कॅनव्हासला बळकटी येते का, हे तपासले. थर पृष्ठभागावर नीट बसला आणि थोड्या ताणाला त्याने आधार दिला. इटलीत फ्लॉरेन्सच्या संशोधकांनी नॅनोसेल्युलोजबरोबर आम्ल शमवणारे अतिसूक्ष्म कण वापरून दोन्ही उपचार एकत्र करण्याचा प्रयत्न केला.

मग अडचण कोठे आहे? साधारणपणे नॅनोसेल्युलोज मिळते ते पाण्याने भरलेल्या जेलच्या रूपात. त्यातल्या पाण्याने काही शाया पसरतात, कॅनव्हास फुगतो आणि आकसतो. रंगाच्या थराला ते सोसतेच असे नाही. काम करणाऱ्यांच्या दृष्टीने, ओल्या जेलपेक्षा कोरडी भुकटी श्वासात जाण्याची काळजी अधिक घ्यावी लागते.

‘वनस्पतीपासून बनवले आहे, म्हणजे निर्धोक’ हा समज बाह्यरुग्ण विभागात आम्हाला रोज भेटतो. कागदाच्या इतिहासात त्याचे उत्तर आहे. 1930 च्या दशकात अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी सेल्युलोज ॲसिटेटच्या पारदर्शक फिल्ममध्ये कागद बंदिस्त करण्याची पद्धत आणली. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात यंत्राविना, ॲसिटोन वापरून तेच काम हाताने करण्याची रीत विकसित झाली. सेल्युलोज ॲसिटेटचा कच्चा मालही लाकूड आणि कापूसच! तरीही वर्षांनुवर्षे गेल्यावर ती फिल्म विघटित होऊन ॲसिटिक आम्ल सोडू शकते, आणि कागद तिच्यातून सोडवणे जिकिरीचे असते. उपचाराचा दुष्परिणाम पुढच्या पिढीच्या हाती आला.

म्हणून नव्या उपायाला प्रश्न औषधासारखेच विचारायला हवेत. तो पन्नास वर्षांनी कसा वागेल? गरज पडल्यास काढता येईल का? प्रयोगशाळेत उष्णता आणि दमटपणा वाढवून कागद लवकर म्हातारा करून पाहतात. ही चाचणी उपयोगी असली, तरी प्रत्यक्ष काळाची जागा ती घेऊ शकत नाही. नॅनोसेल्युलोज आशादायक आहे, पण त्याचा पाठपुरावा अजून थोड्या वर्षांचाच आहे.

तोवर घरच्या कागदांसाठी साधे पथ्य पुरेसे आहे. सेलोटेप लावू नका. तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. दुकानात लॅमिनेशन करून घेऊ नका; त्यातली उष्णता आणि प्लॅस्टिक कागदाला परत सोडत नाहीत. घड्या हलक्या हाताने उलगडून, आम्लविरहित फोल्डरमध्ये कागद सपाट ठेवा. माळ्यावरची उष्णता, ओलसर भिंत आणि ऊन टाळा. मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवा, म्हणजे मूळ कागद वारंवार हाताळावा लागणार नाही. बुरशी दिसली तर मास्क लावूनच हात लावा. दमा असेल, तर ते काम दुसऱ्यावर सोपवा. आणि तुकडे पडू लागले असतील, तर घरगुती इलाज न करता कागद जतनतज्ज्ञाला दाखवा.