‘बारगीर’ ते ‘बर्गी’ : मराठी लष्करी गद्यातील शिस्त, लूट आणि रयत

युद्धकाळात सैन्याकडून होणारे गैरवर्तन हा विषय मराठी अभ्यासपरंपरेत बहुधा गौरवाच्या वा आरोपाच्या अंगाने मांडला गेला आहे. शिवकालीन शिस्तीचा दाखला एका बाजूने दिला जातो, उत्तर पेशवाईतील पेंढाऱ्यांचा दाखला दुसऱ्या बाजूने दिला जातो, आणि या दोहोंमधील अंतराचे स्पष्टीकरण व्यक्तींच्या थोरपणात वा नादानपणात शोधले जाते. तथापि मूळ गद्यसाधने बारकाईने पाहिली असता एक वेगळी गोष्ट नजरेस येते. सतराव्या शतकातील मराठी लष्करी गद्य गैरवर्तनाची मीमांसा करताना माणसाच्या स्वभावापेक्षा दाणावैरण, वेतन आणि हिशेब यांवर अधिक भर देते. या मीमांसेचे स्वरूप काय होते आणि तिला मर्यादा कोठे पडल्या, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. चिपळूणचे पत्र : टंचाईची कार्यकारणसाखळी

१६७० च्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूण तालुक्यातील हलवर्ण येथे छावणीस असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकून यांना लिहिलेले पत्र सुप्रसिद्ध आहे. ‘रयतेची काळजी’ या शीर्षकाखाली ते वारंवार उद्धृत होते, परंतु त्यातील युक्तिवादाची रचना मात्र दुर्लक्षित राहते. पत्राचा आरंभ उपदेशाने होत नाही, तो शिलकेच्या स्थितीने होतो. चिपळुणास कटकाचा मुक्काम पडल्याने दाभोळच्या सुभ्यात पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व गवत पुष्कळसे खर्च झाले आहे आणि भोवतालच्या मुलखास लष्कराची तोशीस आधीच लागली आहे, हे प्रथम नोंदविले जाते. त्यानंतर एकातून एक निघणाऱ्या परिणामांची मालिका येते. आहे तोवर दाणा बेहिशेब चारला तर ऐन पावसाळ्यात तो सरेल, घोडी उपाशी मरू लागतील. मग लोक गावात शिरतील आणि कुणब्याच्या घरचे कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकडे, कोणी भाजी आणू लागतील. जे कुणबी जीव धरून राहिले आहेत तेही गाव सोडतील, कित्येक उपासमारीने मरतील, आणि मोगल परवडले पण हे नकोत, असे रयतेला वाटू लागेल.

या मालिकेत गुन्ह्याची सुरुवात कुणब्याच्या दारात होत नाही. ती कोठारात, मापाशिवाय काढलेल्या दाण्यापाशी होते. म्हणूनच कारकून मोजून देतील तेवढेच घ्यावे, त्यांच्याशी तंटा करू नये, कोठारात घुसू नये, आणि लागेल ती वस्तू बाजारात जाऊन विकत आणावी, अशा अगदी व्यवहारी सूचना पत्रात येतात. गवताच्या गंजींजवळ विस्तव वा चिलीम नेऊ नये, रात्री दिवा जळत ठेवला तर उंदीर पेटती वात पळवील, ही सूचनाही त्याच दृष्टीची आहे. गंजी जळाली तर मागाहून कोणालाही कितीही कठोर शिक्षा केली तरी पावसाळ्यात गवत निर्माण होणार नाही, हा त्यामागील विचार आहे. शिक्षेने नुकसान भरून येत नाही, तेव्हा व्यवस्था आधी हवी, असे हे पत्र सांगते. रयतेचे मत हा सैन्याच्या वर्तनाचा निकष मानणे आणि त्यासाठी शत्रूशी तुलना करण्याइतके स्पष्ट बोलणे, हे या पत्राचे खरे असामान्यत्व होय.

२. सभासदाची बखर : झडती आणि हिशेब

कृष्णाजी अनंत सभासद याने १६९७ च्या सुमारास जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेने लिहिलेल्या बखरीत लष्करी व्यवस्थेचे जे वर्णन आहे, ते चिपळूणच्या पत्राला पूरक ठरते. सरकारी घोड्यावरील स्वार तो बारगीर, स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांचा हजारी अशी चढती रचना होती, आणि हिशेब राखण्यासाठी अंमलदाराबरोबर लेखणीचा माणूसही नेमलेला असे. पावसाळ्यात लष्कर छावणीस राही. दसऱ्यास मोहिमेवर निघताना प्रत्येकाजवळील चीजवस्तूची यादी होई. परत येताना पुन्हा झडती होई व यादीपेक्षा अधिक निघालेला ऐवज वेतनात वळता केला जाई. लपविणाऱ्यास शिक्षा होती. लष्करात बायको, बटीक वा कलावंतीण नेण्यास मनाई होती आणि ती मोडणाऱ्यास देहान्त दंड सांगितला होता. शत्रुमुलखातही बायकामुले धरू नयेत, गाय घेऊ नये, असा निर्बंध होता. वेतनापोटी गाव मोकासा तोडून देण्याऐवजी रोख वा वरातीने पैसा देण्याचे धोरण होते.

या नियमावलीकडे दोन सावधगिरी बाळगून पाहिले पाहिजे. पहिली अशी की, निषेध हा अपराधाचाही पुरावा असतो. जी गोष्ट कोणी करीतच नाही तिच्यासाठी झडतीची यंत्रणा उभी राहत नाही. दुसरी अशी की, येथे लूट हा स्वतःच अपराध नाही. १६६४ आणि १६७० मध्ये सुरतेवर झालेल्या स्वाऱ्या राज्याच्या अर्थकारणाचा भाग होत्या. सभासदाच्या दृष्टीने भ्रष्टाचार म्हणजे सरकारी लुटीतील ऐवज खाजगीत दाबणे, आणि गैरवर्तन म्हणजे ठरलेली मर्यादा ओलांडणे. स्वमुलखातील रयत आणि परमुलखातील रयत यांत या गद्याने केलेला भेद नजरेआड करून चालणार नाही.

सभासदाच्या लेखनकाळाचे महत्त्वही येथेच आहे. तो ज्या जिंजीत हे लिहीत होता तेथे मोगली रेट्याखाली सरदारांना टिकवून धरण्यासाठी वतने व सरंजाम देणे राजाराम महाराजांना भाग पडले होते. रोख वेतनाची पद्धती मोडत असतानाच तिचे वर्णन लिहिले जात होते. बखरीतील शिस्तीचे चित्र म्हणूनच निव्वळ स्तुती ठरत नाही, हातून निसटत चाललेल्या व्यवस्थेची ती नोंदही आहे.

३. आज्ञापत्र : मोलाची नीती

रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र (१७१५-१६) हा या परंपरेतील तिसरा टप्पा. आरमारासाठी लाकूड हवे असते, पण आंबे, फणस यांसारखी रयतेची झाडे बळाने तोडू नयेत, कारण ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, असे अमात्य बजावतात. झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावे, असा मार्गही ते दाखवितात. चिपळूणच्या पत्रातील ‘विकत आणावे’ हे सूत्र येथे राजनीतीच्या पातळीवर पोहोचते. सैन्याची गरज खरी असली तरी ती मोल चुकविण्याची सबब होऊ शकत नाही, हा दोहोंतील समान धागा होय.

४. यंत्रणेचा लोप

अठराव्या शतकात मोहिमांचा पल्ला वाढला, सरंजामी पथकांचे प्रमाण वाढले आणि फौजेचा रोजमुरा थकणे ही नित्याची बाब झाली. थकलेल्या वेतनाची भरपाई मुलखातून करण्याची मुभा मिळाली की झडतीला अर्थ उरत नाही. या प्रवासाचे शेवटचे टोक पेंढाऱ्यांच्या व्यवस्थेत दिसते. त्यांना वेतन नसे. उलट लुटीच्या परवानगीबद्दल तेच सरदाराला ‘पालपट्टी’ नावाचा कर देत. सभासदाच्या बखरीत यादीबाहेरचा ऐवज सरकार कापून घेई, तो गुन्हा म्हणून. पालपट्टीत सरकार वाटा घेई, तो हक्क म्हणून. दोन्हीकडे पैसा सरकारातच जातो, परंतु पहिल्या ठिकाणी सैनिक उत्तरदायी असतो आणि दुसऱ्या ठिकाणी तो ठेकेदार होतो.

या बदलाची साक्ष मराठीपेक्षा अन्य भाषांत अधिक स्पष्टपणे मिळते. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या वतीने भास्करराम १७४२ मध्ये बंगालवर चालून गेला. १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने भेटीस बोलावून त्याला ठार केले, तरी स्वाऱ्या चालू राहिल्या आणि १७५१ मध्ये सालिना बारा लाख रुपये चौथाईच्या तहाने त्या थांबल्या. या काळातील अत्याचारांचे वर्णन गंगाराम या बंगाली कवीने ‘महाराष्ट्रपुराण’ या काव्यात केले आहे. गावे जाळणे, पळणाऱ्यांना लुटणे, पैशासाठी छळ करणे आणि स्त्रियांवरील अत्याचार हे सर्व त्यात येते. १७९१ मध्ये तिसऱ्या म्हैसूर युद्धात परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरी मठ लुटला, त्याचे पडसाद टिपू सुलतानाने मठाधिपतींना लिहिलेल्या कन्नड पत्रांत आहेत.

‘बारगीर’ या शब्दाचा प्रवास या दृष्टीने बोलका आहे. सभासदाच्या गद्यात तो सरकारी घोड्यावर बसणारा, वेतन घेणारा, झडतीला उभा राहणारा शिपाई आहे. बंगालीत त्याच शब्दाचा ‘बर्गी’ झाला आणि त्याचा अर्थ झाला धाडी घालणारा लुटारू. मुलांना निजविताना म्हणावयाच्या गाण्यात तो भीतीचे नाव म्हणून शिरला आणि आजही तेथे आहे. एका भाषेत व्यवस्थेची संज्ञा असलेला शब्द दुसऱ्या भाषेत भयाची संज्ञा व्हावा, यात अर्ध्या शतकाच्या लष्करी इतिहासाचे सार आले आहे.

५. निष्कर्ष

वरील विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. सैन्याचे वर्तन कोठार, वेतन आणि हिशेब यांवर अवलंबून असते, हे जाणणारे गद्य सतराव्या शतकातच मराठीत निर्माण झाले होते. पुढील ऱ्हास समजून घेण्याची साधने त्यामुळे मराठी परंपरेतच उपलब्ध आहेत. मात्र या गद्याची काळजी मुख्यतः आपल्या रयतेपुरती होती. परमुलखातील कुणब्याचा आवाज त्यात नाही, तो गंगारामाच्या काव्यात आहे. चिपळूणच्या पत्राने रयतेच्या नजरेतून सैन्याकडे पाहण्याची जी कसोटी घालून दिली, तीच बंगालमधील फौजेला लावणे हे त्या पत्राशी प्रामाणिक राहणे होय. मराठीच्या अभ्यासकाने ही दोन्ही साधने शेजारी ठेवून वाचली, तर पत्राचे मोल उणावणार नाही. त्यातील इशारा किती खरा होता, हे उलट अधिक ठळकपणे जाणवेल.