शर्यत मुलाची, शिक्षा मालकाला

हिंगणीहून बोर व्याघ्रप्रकल्पाकडे जाणारा रस्ता लहान आहे. परंतु याच वर्धा जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. तेथे मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे. पायाखालची मुंगी जपणाऱ्या, ईर्यासमिती सांगणाऱ्या घरांतील तरुणांनाही या सरळ रस्त्याचा मोह आवरत नाही, हे नवलच.

शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 189 अन्वये गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुनरावृत्ती झाल्यास कैद एक वर्षापर्यंत आणि दंड 10,000 रुपये. मोटार कायमची सरकारजमा करण्याची तरतूद मात्र या कलमात नाही. ती पुराव्यादाखल ठाण्यात अडकू शकते. अशी वाहने तेथे दीर्घकाळ न ठेवता योग्य बंधपत्र व हमी घेऊन सोडावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितले आहे. कर्जाचा हप्ता त्या काळातही चालूच राहतो.

व्यापारी घराला खरा धोका कलम 199-अ चा. पेढीच्या नावावरील मोटारीने अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालक वा मालक दोषी मानला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, बारा महिने नोंदणी रद्द, मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. पुण्यात कल्याणीनगर येथे 19 मे 2024 रोजी दोन तरुण अभियंते दगावले, तेव्हा अल्पवयीन मुलाच्या वडिलांनाही अटक झाली होती. आपल्याला माहिती नव्हती किंवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार मालकावरच असतो. आणि किल्ली दिवाणखान्यातील खुंटीवर टांगलेली असेल, तर ते सिद्ध करणे कठीण.