सार्वजनिक आरोग्यसेवेतील मनुष्यबळ व शासनाचे उत्तरदायित्व : ‘रिक्त पद’ या संकल्पनेचा एक विचार

प्रस्तावना :

सार्वजनिक आरोग्यसेवेची चर्चा आपल्याकडे बहुधा एखाद्या दुर्घटनेनंतर सुरू होते आणि काही दिवसांत विरून जाते. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली व सुनावणीत मंजूर आणि रिक्त पदांचा प्रश्न ऐरणीवर आला. अशा प्रत्येक प्रसंगी विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘किती पदे रिक्त आहेत?’ हाच असतो. हा प्रश्न रास्त असला तरी अपुरा आहे. ‘रिक्त पद’ या एका आकड्यामागे वस्तुतः चार वेगवेगळे आकडे दडलेले असतात आणि त्या प्रत्येकाला उत्तर देणारे वेगळे असतात. हे चार आकडे सुटे केल्याखेरीज शासनाला नेमका जाब विचारता येत नाही, हे महाराष्ट्राच्या संदर्भात स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. जबाबदारीचा घटनात्मक आधार :

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टानुसार सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये व दवाखाने हे विषय राज्यसूचीत येतात. अनुच्छेद ४७ ने लोकांचे पोषण व सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले आहे. हे मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्याची थेट न्यायालयीन अंमलबजावणी होत नाही. तथापि सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा अर्थ विस्तारून ही उणीव काही अंशी भरून काढली आहे. ‘पश्चिम बंग खेत मजदूर समिती विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य’ या १९९६ च्या निकालात हा विचार ठळकपणे आढळतो. रेल्वेतून पडून डोक्याला गंभीर इजा झालेल्या एका शेतमजुरास अनेक शासकीय रुग्णालयांनी जागा अथवा सोय नसल्याचे सांगून परत पाठविले होते. न्यायालयाने हा जीविताच्या हक्काचा भंग ठरवून २५,००० रुपये नुकसानभरपाई दिली व आर्थिक साधनांची कमतरता ही या घटनात्मक कर्तव्यातून सुटण्याची सबब होऊ शकत नाही, असे स्पष्ट केले. ‘माणसे नाहीत’ हे उत्तर शासनाने द्यावे की नाही, या प्रश्नाचा विचार या निकालाच्या प्रकाशात करावा लागतो.

२. चार आकडे :

(अ) आवश्यक पदे : लोकसंख्येला किती मनुष्यबळ हवे, हे भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांत नमूद आहे. ही मानके २०१२ व २०२२ मध्ये सुधारण्यात आली. सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येस एक उपकेंद्र, ३०,००० लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १,२०,००० लोकसंख्येस एक सामुदायिक आरोग्य केंद्र (आपल्याकडील ग्रामीण रुग्णालय) असा दंडक आहे. डोंगराळ व आदिवासी भागासाठी हेच प्रमाण अनुक्रमे ३,०००, २०,००० व ८०,००० असे आहे.

(ब) मंजूर पदे : आकृतिबंधानुसार वित्त विभागाच्या संमतीने निर्माण झालेली पदे. लोकसंख्या वाढली म्हणून ही पदे आपोआप वाढत नाहीत.

(क) भरलेली पदे : मंजूर पदांपैकी ज्यांवर नियुक्ती झाली आहे, अशी पदे.

(ड) प्रत्यक्ष उपलब्ध मनुष्यबळ : नियुक्त व्यक्तींपैकी प्रतिनियुक्ती, दीर्घ रजा, प्रशिक्षण वा अनधिकृत गैरहजेरी वगळता रुग्णाला प्रत्यक्ष भेटणारी माणसे.

प्रशासकीय भाषेत ‘रिक्त’ म्हणजे (ब) व (क) मधील अंतर. (अ) व (ब) मधील अंतर त्यात दिसत नाही, तसेच (क) व (ड) मधीलही नाही. एखाद्या केंद्रातील सर्व मंजूर पदे भरलेली असतील तर कागदोपत्री तेथे शून्य रिक्तता असते. मग त्या केंद्राची लोकसंख्या दुप्पट झालेली असो किंवा तेथील परिचारिका अन्यत्र प्रतिनियुक्तीवर असो. केंद्र शासनाच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीत देशातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत विशेषज्ञांची तूट सुमारे ८० टक्के दाखविली आहे. ही तूट आवश्यक पदांच्या तुलनेत मोजलेली आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. राज्याने मंजूर पदांच्या तुलनेत दिलेला आकडा याहून वेगळा असणे स्वाभाविक होय. दोन्ही आकडे खरे असतात. मात्र कोणत्या पायावर मोजले, हे न सांगता दिलेला आकडा दिशाभूल करू शकतो.

महाविद्यालयीन शिक्षकांना हा भेद परका वाटू नये. कार्यभार वाढूनही आकृतिबंध तोच राहणे, मंजूर पद बिंदुनामावलीत वा भरतीबंदीत अडकणे आणि तासिका तत्त्वावर काम भागविणे हे आपण आपल्या विभागातच पाहतो. फरक इतकाच की, आपल्याकडे बुडते ती तासिका. आरोग्यसेवेत हानी होते ती जीविताची. एखाद्या ग्रामीण रुग्णालयात शस्त्रक्रियागृह आहे, स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत, परंतु भूलतज्ज्ञ नाहीत, असे समजू. तक्त्यात तेथे केवळ एक पद रिक्त दिसेल. अडलेल्या बाळंतिणीच्या दृष्टीने मात्र सिझेरियनची सोयच तेथे नाही. तिला पुढच्या रुग्णालयाची वाट धरावी लागते व त्या वाटेवरील वेळच निर्णायक ठरते.

३. विखुरलेली जबाबदारी :

एकाच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांचे नियोक्ते वेगवेगळे असतात. वैद्यकीय अधिकारी राज्य सेवेतील, आरोग्य सेविका जिल्हा परिषदेच्या, समुदाय आरोग्य अधिकारी राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली कंत्राटी, तर आशा स्वयंसेविका मोबदल्यावर काम करणाऱ्या. ग्रामीण व जिल्हा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत. परिणामी गावकऱ्याने कोणाला जाब विचारावा, हेच अस्पष्ट राहते.

भरतीप्रक्रियेतील दोषही याच साखळीत येतात. २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या गट क व गट ड पदांच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका फुटली आणि ती परीक्षा पुढे रद्द करावी लागली. वृत्तपत्रांत ही घटना उमेदवारांवरील अन्याय म्हणून गाजली व तो अन्याय होताच. परंतु तितक्या काळासाठी ती पदे रिकामी राहिली आणि त्याची किंमत रुग्णांनीही मोजली, ही बाजू फारशी चर्चिली गेली नाही.

४. उत्तर मागण्याची साधने :

या संदर्भात महाराष्ट्राचा अनुभव मोलाचा आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत २००७ पासून नऊ राज्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला. महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचा धाराशिव), पुणे व ठाणे या पाच जिल्ह्यांत त्याचा आरंभ झाला व पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने राज्यस्तरीय समन्वय केला. गाव, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा व राज्य अशा पातळ्यांवर समित्या स्थापून गावकऱ्यांनी सेवांना हिरवा, पिवळा वा लाल शेरा देणारे प्रगतिपत्रक तयार केले. त्यातून पुढे आलेले प्रश्न जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडण्यात आले.

या प्रयोगाचे यश व मर्यादा वरील चार आकड्यांच्या आधारे नीट समजतात. कर्मचाऱ्यांची अनियमित हजेरी, बाहेरून औषधे आणावयास सांगणे, बेकायदेशीर पैसे घेणे यांसारखे प्रश्न जनसुनवाईत सुटू शकले. कारण ते (ड) शी संबंधित होते आणि त्यांवर निर्णय घेणारा अधिकारी समोर बसलेला होता. रिक्त विशेषज्ञ व नवी पदनिर्मिती हे प्रश्न मात्र वर्षानुवर्षे तसेच राहिले; कारण (अ) ते (क) यांचा निर्णय तालुक्यात नव्हे, मंत्रालयात होतो. समोरच्या वैद्यकीय अधिकाऱ्यास त्याच्या हाती नसलेल्या गोष्टीचा जाब विचारला गेला, तर लोकांचे समाधान होत नाही आणि कर्मचाऱ्याच्या मनात कटुता मात्र येते.

वरच्या पातळीसाठी अन्य साधने वापरावी लागतात. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार अधिकारी व कर्मचाऱ्यांची निर्देशिका, त्यांचे वेतन, अंदाजपत्रकीय तरतूद इत्यादी माहिती प्रत्येक प्राधिकरणाने स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल विधिमंडळात मांडले जातात व लोकलेखा समिती त्यांची छाननी करते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अंदाजपत्रकाच्या ८ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी, असे म्हटले होते. या साधनांचा उपयोग करणारा अभ्यासू नागरिक मात्र हवा.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरानिमित्त एका गावी गेलो असता तेथील केंद्राच्या भिंतीवरील फलकावर मंजूर व भरलेल्या पदांचा तक्ता पाहिला. ‘रिक्त’ या स्तंभात एकच पद होते. बाहेर थांबलेल्या एका आजीबाईंना विद्यार्थ्यांनी तो वाचून दाखविला. त्या एवढेच म्हणाल्या, “बाळा, पाटीवर हाईत समदे, पन आत कोन हाय ते बघून ये.” लेखातील (क) आणि (ड) मधील भेद विद्यार्थ्यांना याहून सोप्या शब्दांत मला सांगता आला नसता.

निष्कर्ष :

१. ‘रिक्त पद’ हा आकडा नेहमी ‘कशाच्या तुलनेत?’ या प्रश्नासह वाचला पाहिजे.

२. प्रत्येक आरोग्य केंद्राच्या फलकावर आवश्यक, मंजूर, भरलेली व आज हजर अशी चारही माहिती असावी आणि प्रत्येक स्तंभासमोर जबाबदार प्राधिकरणाचे नाव असावे.

३. जनसुनवाईत न सुटणारे प्रश्न वरच्या पातळीवर पाठवून त्यांचे लेखी उत्तर ठरावीक मुदतीत ग्रामसभेसमोर येण्याची व्यवस्था असावी.

४. महाविद्यालयांनी प्रकल्पकार्य व राष्ट्रीय सेवा योजना यांद्वारे परिसरातील केंद्रांची अशी चतुर्विध नोंद दरवर्षी करावी. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र व संख्याशास्त्र या विषयांच्या विद्यार्थ्यांना त्यात सारखाच वाव आहे.

शासनास जाब विचारणे म्हणजे केवळ रोष व्यक्त करणे नव्हे. योग्य प्रश्न योग्य पातळीवर, पुराव्यानिशी व पुन्हा पुन्हा विचारणे म्हणजे उत्तरदायित्वाची मागणी होय. दुर्घटना घडल्यावर मृतांची संख्या मोजण्यापेक्षा ती घडण्यापूर्वी हजर माणसांची संख्या मोजणे अधिक हितावह आहे आणि या कामात महाविद्यालयीन शिक्षकाचा वाटा निश्चितच मोठा असू शकतो.